दाढ दुखायची थांबली, पण अंगातली मरगळ जात नाही? मग हे तपासा

दाढ चार दिवस ठणकते. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून होतो, पेनकिलर होते आणि एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं तर इथेच सावध व्हायला हवं. कीड खोल गेली की दाताच्या आतली नस मरते, म्हणून कळ थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात. शरीर त्यांच्याशी महिनोन्‌महिने झुंजत राहिलं की काहींना अंगात बारीक कणकण आणि मरगळ जाणवते. त्यात एकाच बाजूने चावणं, भाकरी सोडून चहा-बिस्किटावर भागवणं आणि झोपमोड यांची भर पडते.

आधी आरशात बघा

मोबाइलचा टॉर्च लावा, गाल बोटाने बाजूला ओढा आणि हिरड्या नीट बघा. किडलेल्या किंवा जुनं सिमेंट भरलेल्या दातालगत हिरडीवर पुटकुळीसारखा फोड दिसतोय का? तो अधूनमधून फुटतो, तोंडात खारट, घाण चव येते आणि मग बरं वाटतं. ती पू बाहेर पडायची वाट असते. तो फोड टोचू किंवा दाबू नका. एखादा दात काळपट झालाय का, चावताना उंच झाल्यासारखा लागतो का, ब्रश करताना रक्त येतं का, दात हलतात का, हेही बघा. मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तंबाखूमुळे हिरड्यांचं रक्त येणं कमी होऊ शकतं आणि आजार झाकला जातो.

मग एक्स-रे

नुसत्या डोळ्यांना मुळाचं टोक दिसत नाही. त्या एका दाताची छोटी फिल्म काढली की मुळाशी काळा डाग दिसतो, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं असतं. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जातो, पण काम होतं.

डॉक्टरांना सगळं सांगा: शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, हाडं ठिसूळ होतात म्हणून घेतलेली इंजेक्शनं. हृदयात कृत्रिम झडप असेल तर हे पहिल्या वाक्यात सांगा. हिरडीतून रक्तात गेलेले जंतू त्या झडपेवर बसू शकतात, म्हणून अशा रुग्णाला काही दंतोपचारांपूर्वी अँटिबायोटिक देतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका.

केमिस्टकडच्या गोळ्यांवर भागवू नका

मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरत नाही, तिथे अँटिबायोटिक पोचणार कसं? सूज उतरते, मूळ तसंच राहतं आणि पुन्हा उठतं. उपाय दोनच: रूट कॅनाल करून आतली घाण काढणं, नाहीतर दात काढणं. रूट कॅनालच्या बैठका अर्धवट सोडायची आपल्याकडे फार सवय आहे. दुखणं थांबलं की लोक कॅप बसवायला फिरकतच नाहीत, आणि ती दाढ चिरते. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवणंही सोडा, कातडी भाजते.

लगेच इस्पितळ गाठायची वेळ

जबड्याखाली किंवा गळ्याला सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळता न येणं, लाळ गळणं, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, श्वासाला त्रास. यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका. ही सूज श्वासनलिका दाबू शकते.

दातांना नको तेवढा दोषही देऊ नका

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत सगळ्याचं खापर दातांवर फुटत होतं. ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने रुग्ण बरे करायच्या नावाखाली त्यांचे दात उपटले. तो सिद्धांत पुढे टिकला नाही, तरी ‘रूट कॅनाल केलेले सगळे दात काढा, थकवा जाईल’ असं सांगणारे आजही भेटतात. ऐकू नका. दातांसोबतच हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि शुगरही तपासून घ्या. आपल्याकडे थकव्यामागे बऱ्याचदा यातलंच काहीतरी निघतं.

शुगरचं आणि हिरड्यांचं नातं मात्र पक्कं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या सुजल्या की शुगर आवरत नाही. हिरड्यांखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं आढळतं. म्हणून मधुमेही असाल तर सफाईच्या आधीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा. गोळ्यांचा डोस बदलायचा की नाही, ते तुमचे फिजिशियन दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवतील.