इमू गेले, बटेर राहिले : खानदेशातील विदेशी पक्षीपालनाचा अनुभव

दक्षिण आफ्रिकेतील किंवा टेक्सासमधील कुंपणबंद कुरणांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही हरीणपालन करता येईल का, असे विचारणारे तरुण मला जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत भेटतात. करता येत नाही, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. काळवीट, चितळ, आपल्या पिकांत धुडगूस घालणारी रोही म्हणजे नीलगाय, इतकेच काय पण बांधावरचा तितर आणि रानलावासुद्धा पकडून पाळण्यास व विकण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आपल्याकडचे काळवीट 1932 मध्ये टेक्सासात नेले गेले आणि आज तिथे कळपांनी पाळले जाते, ही गोष्ट मनाला लागते खरी; परंतु तिच्यावर इथे कोणाचेही घर चालणार नाही.

मग उरतात विदेशी पक्षी : शहामृगासारखा मोठा, न उडणारा इमू, टर्की, गिनी फाऊल ही आफ्रिकेकडची ठिपकेदार कोंबडी आणि जपानी लावा, म्हणजे बाजारातील बटेर. बटेराच्याही परवान्यांवर 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बंधन आणले होते; पुढे पाळीव जात म्हणून ती मोकळी झाली. पिल्ले उबवणी केंद्रातूनच घ्यावीत, पावती जपावी आणि जाळ्यात धरलेला रानलावा स्वस्तात मिळतो म्हणून शेडमध्ये मिसळू नये, एवढे पाळले तर कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता ज्या गोष्टीने मला कर्जात घातले, तिच्याकडे वळतो. 2010 च्या सुमारास आमच्या तालुक्यात इमूचे वारे शिरले. जोडी आणि खाद्य कंपनीकडून विकत घ्यायचे, कुंपण स्वखर्चाने घालायचे आणि येणारी अंडी व पिल्ले कंपनीनेच ठरलेल्या भावाने परत घ्यायची, असा लेखी करार होता. सही करणाऱ्यांत मीही होतो. त्या करारात खरेदी ‘कंपनीच्या निकषांत बसणाऱ्या’ मालाचीच होईल असे एक कलम होते आणि निकष कोणते, हे संपूर्ण कागदात कोठेही लिहिलेले नव्हते. वादाचे न्यायालय परराज्यातील होते, म्हणजे तारखेला जाण्याचा खर्चच येणे रकमेच्या निम्मा.

तरीही मुख्य सापळा कलमांत नव्हता, तो हिशेबात होता. आमच्याकडून घेतलेली पिल्ले कंपनी कोणाला विकत होती? पुढच्या तालुक्यातील शेतकऱ्याला. त्याची पिल्ले कोणाला? त्याच्या पुढच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला. जोडीचा भाव मांसाच्या किंवा चरबीपासून निघणाऱ्या तेलाच्या मागणीवर ठरत नव्हता, नवीन उतरणाऱ्यांच्या संख्येवर ठरत होता, आणि त्या साखळीच्या एकाही टोकाला जेवणारे तोंड नव्हते. नवीन माणूस यायचा थांबला की त्याच दिवशी भाव शून्य होणार, हे कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन मांडता आले असते. 2012 मध्ये तामिळनाडूतील पेरुंदुराई येथे हाच डोलारा कोसळला आणि पाठोपाठ आमचेही धनादेश न वटता परत आले. इमू मात्र वीस-वीस वर्षे जगतो आणि रोज खातो. आणखी एक गोष्ट सांगतो. लहान वयात इमूचा नर-मादी भेद नुसत्या डोळ्यांनी होत नाही. मोठेपणी मादी गळ्यातील पिशवी फुगवून घुमते आणि नर घुरघुरतो. नरमादी म्हणून पैसे मोजून घेतलेल्या आमच्या एका जोडीतील दोघेही घुरघुरले.

हे इतक्या विस्ताराने लिहितो, कारण पक्षी बदलतो आणि हिशेब तोच राहतो. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून कडकनाथाच्या नावाने तेच घडले. कडकनाथ ही काळ्या मांसाची देशी कोंबडी, हा अस्सल पक्षी आहे, नंदुरबारपासून फार लांब नसलेल्या, मध्य प्रदेशातील झाबुआच्या नावाने त्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दोष पक्ष्याचा नव्हता. आज बटेराची पिल्ले विकणारेही अंडी परत घेण्याचे आश्वासन देतात. त्यांना एवढेच विचारा, की मागच्या महिन्यातील माल कोणत्या ढाब्यावर, कोणत्या दुकानात गेला. मग तेथे स्वतः जाऊन भाव विचारा. चोपड्याच्या बाजारात एका वयस्क कोंबडीवाल्याने माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि अहिराणीत एकच प्रश्न केला, “भाऊ, हे खानार कोन शे?” शहरातील हॉटेलात शुल्क भरून केलेल्या एकदिवसीय प्रशिक्षणात हा प्रश्न कोणीही काढला नव्हता. अशा प्रशिक्षणांबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही. त्यापेक्षा चालू शेडवर ऐन मे महिन्यात फुकट राबावे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी आधीच ओळख करून घ्यावी.

एवढे बोलूनही बटेरपालन करू नका असे मी म्हणणार नाही, कारण माझे कर्ज त्यावरच फिटले. हा पक्षी 1974 मध्ये भारतात आणला गेला; बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्था त्यावर काम करते. अंडे 17 ते 18 दिवसांत उबते, पाच आठवड्यांत पक्षी 200 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि मादी सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सुमारे 10 ग्रॅमचे अंडे देऊ लागते. चूक झाली तरी ती पाच आठवड्यांची असते, इमूसारखी आयुष्यभराची नसते. पहिला आठवडा तेवढा डोळ्यांत तेल घालून काढावा लागतो. पिल्लू अंगठ्याएवढे असते आणि पाण्याच्या उथळ ताटलीतही बुडून मरते, म्हणून ताटलीत गोट्या किंवा धुतलेले खडे पसरावे, म्हणजे चोच पाण्यात जाते आणि अंग कोरडे राहते. उबेच्या जागी 37 अंशांच्या आसपास तापमान लागते. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करू लागली तर ऊब कमी आहे आणि कडेला पळाली तर जास्त आहे, असे समजावे. घरच्याच पक्ष्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पैदास करण्याची काटकसर करू नये. सगोत्र संकराने बटेराची उबवणी झपाट्याने घसरते. आपल्या उन्हाळ्यात पत्र्यावर केळीच्या वाळल्या पानांचा थर, बाजूंना ओले गोणपाट आणि शेडची लांबी पूर्व-पश्चिम, याला पर्याय नाही.

रोगाच्या बाबतीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर विसरू नये. देशातील पाळीव पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये तिथेच झाला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. दुसऱ्याच्या शेडवरून आलेला माणूस, खोकी आणि अंड्यांचे ट्रे आत घेऊ नयेत, मग तो सख्खा मामा असला तरी.

पहिली तुकडी गणपती विसर्जनानंतर लगेच आणावी. श्रावणापासून थंडावलेली विक्री पितृपक्षात आणि नवरात्रातही उठत नाही, परंतु तेवढ्या काळात पक्षी वाढतो आणि कोजागिरीच्या पुढेमागे, थंडीची मागणी सुरू होण्याच्या वेळी, विक्रीला तयार होतो. ही तुकडी शंभर-दोनशे पक्ष्यांपेक्षा मोठी नसावी, आणि त्यांतील निम्मे घेणारा ढाबेवाला विसर्जनापूर्वीच बोलून ठेवलेला असावा.