या चुका टाळा: अंशाधिक अपूर्णांक पूर्णांकयुक्त करताना

१७/५ पूर्णांकयुक्त रूपात लिहा. कर्वेनगरात घरी शिकवणी घेते, तिथे नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एवढंच एक गणित घालते. पाच मिनिटांत वह्या समोर येतात: २ पूर्णांक ३/५, ३ पूर्णांक ५/२, ३ पूर्णांक २/३, ३.२ आणि अधूनमधून बरोबर असलेलं ३ पूर्णांक २/५. गंमत अशी की भागाकार बहुतेकांचा चोख असतो. पाच त्रिक पंधरा, बाकी दोन. गाडी अडते ती पुढे, कुठला आकडा कुठे ठेवायचा यावर.

पालक म्हणतात, एखादी युक्ती पाठ करून द्या. मला ते पटत नाही. पाठ केलेली युक्तीच परीक्षेत उलटी आठवते. त्यापेक्षा ताटातली भाकरी बरी. तिचे चार सारखे तुकडे केले की एक चतकोर. २३/४ म्हणजे तेवीस चतकोर. चार-चार जुळवत गेलात की पाच अख्ख्या भाकऱ्या होतात आणि तीन उरतात. तीन काय? तीन चतकोर. मुलाला हा ‘काय’ विचारायची सवय लागली की अर्ध्या चुका आपोआप जातात. उरलेत ते तुकडे, म्हणून बाकी अंशाच्या जागी. तुकडे नव्याने पाडलेलेच नाहीत, म्हणून छेद होता तोच, चार. उत्तर ५ पूर्णांक ३/४.

आता हेच तोंडी विचारा. आपण याला पावणेसहा म्हणतो, आणि इथे खास मराठी घरातली चूक होते: कानावर ‘सहा’ पडतं, वहीत ६ पूर्णांक ३/४ उतरतं. सव्वा आणि साडे पुढच्या आकड्यात भर घालतात; पावणे मात्र पाव उणे करतं. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी (पाव, अर्धा, पाऊण, साडेतीन यांचे पाढे) पाठ असलेल्या आजोबांना हे सांगावं लागत नाही. सेमी इंग्रजीतल्या नातवाला सांगावं लागतं. माझ्याकडे पावणेसहाची वेळ दिली की एखादा हमखास पावणेसातला उगवतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

३.२ या उत्तराकडे वळू, कारण ती चूक वरून शहाणी दिसते. बाकी दोन आहे, मग टिंब देऊन दोन लिहिले, असा विचार. पण टिंबानंतरचा दोन म्हणजे दोन दशांश आणि आपल्याकडे उरलेत दोन पंचमांश, म्हणजे चार दशांश. खरं उत्तर ३.४. छेद १० असेल तर ही चूक लपते: १७/१० म्हणजे १.७ आणि बाकीही सातच. मुलाला वाटतं, पद्धत जमली. पुढच्या गणितात ती बुडवते. याचीच उलटी चूक कॅल्क्युलेटर वापरणारे करतात: पडद्यावर ३.४ दिसलं की ३ पूर्णांक ४/५ लिहून मोकळे.

ताळा करून बघा, असं सगळेच सांगतात. पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश. ३ × ५ + २ = १७, जमलं. पण ताळाही फसवतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मुलाने १७/५ चं उत्तर ५ पूर्णांक २/३ लिहिलं समजा. ५ × ३ + २ = १७. ताळा जुळला, उत्तर मात्र चूक, कारण ते १७/३ आहे. दुसरं, २३/४ चं उत्तर ४ पूर्णांक ७/४ लिहिलं, तर ४ × ४ + ७ = २३. इथे किंमतही चुकलेली नाही, फक्त काम अर्धवट सोडलंय. सात चतकोरांत अजून एक भाकरी लपलेली आहे. तिसरा प्रकार ३ पूर्णांक २/१७ लिहिणाऱ्याचा: तो ताळ्यात छेद स्वतःच्या उत्तरातला न घेता गणितातला पाच घेतो आणि खूश होतो. म्हणून ताळ्याआधी दोनच गोष्टी बघायच्या. उत्तरातला छेद मूळ छेदच आहे ना? अंश त्याहून लहान आहे ना? मग गुणाकार. शिष्यवृत्तीच्या पेपरात तर हे हवंच. चार पर्याय काढणाऱ्याला आपल्या चुका आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

संक्षेप दिला की छेद बदलतो, तेव्हा वरची तपासणी त्याच्या आधी उरकावी. २२/८ म्हणजे २ पूर्णांक ६/८, मग २ पूर्णांक ३/४. संक्षेप आधी करून ११/४ भागलंत तरी तेच. मात्र ४ पूर्णांक ६/८ मधला चार आणि खालचा आठ एकमेकांशी काटू नका. चार हा अंश नाही, तो बाहेरचा आहे.

बाकी शून्य आली की अपूर्णांक संपला. २४/६ म्हणजे ४. ‘४ पूर्णांक ०/६’ चूक नाही, पण कुणी तसं लिहीत नाही. मोठ्या आकड्यांत शून्य गळतं: १२१५/१२ ला भाग १०१ जातो, घाईत ११ होतो. आधी अंदाज घ्या, बारा शंभर वेळा गेले की बाराशे होतात, तेव्हा उत्तर शंभराच्या वर हवं. बाकी तीन, म्हणून १०१ पूर्णांक ३/१२, म्हणजे सव्वाशेएक नव्हे, सव्वा एकशेएक!

लिहिण्याची एक कटकट. व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवताना ३ पूर्णांक २/५ चं ‘३२/५’ होतं आणि आई रात्री दहाला विचारते, उत्तर सहा पूर्णांक दोन पंचमांश कसं? वहीत पूर्णांक मोठा, अपूर्णांकाच्या रेषेच्या समोर काढा. फोनवर सरळ फोटो पाठवा.

आणि बीजगणित सुरू झालेल्यांसाठी. ३क म्हणजे तीन गुणिले क, पण ३ पूर्णांक २/५ मधे गुणाकार नाही, बेरीज आहे. साडेतीनचा अर्थ तीन गुणिले अर्धा असा कोणी लावत नाही, तसंच हे. ऋण चिन्ह आलं तर ते दोन्ही भागांना लागतं: -१७/५ म्हणजे -३ आणि वर आणखी -२/५. -३ मधे २/५ मिळवलेत तर उत्तर -१३/५ येईल.