कारच्या बॅटरीची देखभाल करताना या चुका टाळा

किल्ली फिरवल्यावर इंजिनाऐवजी नुसती टकटक ऐकू आली की बहुतेक जण बॉनेट उघडून थेट बॅटरीला हात घालतात. कोणी क्लॅम्प हलवून पाहतो, कोणी पाणी ओततो, कोणी दुसऱ्या गाडीवरून केबल ओढतो. आणि यांपैकी काहीच लागू पडले नाही की बॅटरी संपली असे ठरवून नवी आणली जाते. बॅटरीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी माझ्या मते दोनच गोष्टी असतात : मोजण्याआधी हात लावणे आणि हात लावताना क्रम न पाळणे. पहिल्या चुकीने चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात, दुसरीने माणसे भाजतात.

येथे विचार केला आहे तो पेट्रोल व डिझेल गाड्यांतील १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा. हायब्रिड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी केबलींची उच्च दाबाची बॅटरी हा पूर्णपणे वेगळा विषय आहे आणि तिच्या वाटेला मालकाने स्वतः जाऊच नये.

‘बाराच व्होल्ट आहेत, काय होणार?’

कोरड्या हाताने टर्मिनलला स्पर्श केला तर झटका बसत नाही, हे खरे. पण धोका झटक्याचा नसतोच. इंजिन फिरवण्यासाठी ही बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते, आणि तेवढाच प्रवाह चुकून आडव्या पडलेल्या पान्यातून किंवा बोटातल्या अंगठीतूनही वाहू शकतो. धातूची अंगठी धन टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये अडकली तर ती क्षणार्धात तापून बोट खोलवर भाजते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे.

दुसरा धोका वायूचा. चार्जिंग होत असताना, विशेषतः ते शेवटच्या टप्प्यात असताना, बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले तरी ठिणगीने पेट घ्यायला ते पुरेसे असते, आणि तसे झाल्यास बॅटरीचे कवच फुटून आतले सल्फ्युरिक ॲसिड चेहऱ्यापर्यंत उडते. बॅटरीच्या सेलमधील, म्हणजे आतल्या कप्प्यांतील, द्रवाची पातळी पाहण्यासाठी लायटर पेटवणारे लोक असतात, हे लिहितानाही अवघड वाटते. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, जागा हवेशीर असावी आणि भरपूर पाणी हाताशी असावे. ॲसिड त्वचेवर उडाले तर कपडे दूर करून ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावी. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ, शक्यतो त्याहून अधिक, पाणी मारत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोड्याचे पाणी किंवा इतर काही घालून ॲसिड मारण्याचा प्रयत्न करू नये.

न मोजता निदान करणे

साधा मल्टीमीटर जवळ असला तर निम्मे प्रश्न बॉनेटपाशीच सुटतात. मात्र त्याच्या वापरातही एक चूक हमखास होते : आधी कधीतरी प्रवाह मोजण्यासाठी लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या छिद्रात घातलेली असते आणि तशीच दोन्ही टोके बॅटरीला लावली जातात. त्या छिद्रातून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच असल्यामुळे शॉर्ट सर्किट होते, ठिणगी उडते आणि नशीब चांगले असेल तर नुसता फ्यूज जातो. व्होल्ट मोजण्यापूर्वी लाल वायर कुठल्या छिद्रात आहे ते प्रत्येक वेळी पाहावे.

बॅटरीचा खरा दाब (व्होल्टेज) कळतो तो गाडी काही तास बंद राहिल्यानंतर. नुकत्याच थांबलेल्या गाडीत बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर फसवा, वाढीव आकडा दाखवतो. घाई असेल तर एक-दोन मिनिटे हेडलाइट चालू ठेवून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे. पातळ ॲसिडच्या नेहमीच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक म्हणजे ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. आकडा १०.५ च्या आसपास येऊन अडकला आणि चार्जर लावूनही फारसा हलेना, तर सहांपैकी एक सेल निकामी झाल्याची दाट शक्यता असते. यानंतर इंजिन चालू करून पुन्हा मोजावे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र, काम करतो आहे. इंजिन चालू असूनही १२.५ च्या आसपासच दिसत राहिले, तर नवी बॅटरी आणली तरी ती काही दिवसांत उतरणार. उलट आकडा सातत्याने १५ च्या वर असेल तर हा दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी अक्षरशः उकळते आहे. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र संगणक चार्जिंगचा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एका मोजणीवरून ऑल्टरनेटरला दोष देण्याची घाई करू नये.

सर्वांत दुर्लक्षित चाचणी वेगळीच आहे, आणि ती मला सर्वाधिक उपयोगी वाटते. मीटरचे एक टोक टर्मिनलच्या शिशाच्या खांबावर, बरोबर मध्यभागी टेकवावे आणि दुसरे त्याच खांबावर आवळलेल्या क्लॅम्पवर. आता दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. एकमेकांना चिकटलेल्या या दोन धातूंमध्ये जवळपास शून्य दाब दिसायला हवा, ०.२ व्होल्टच्या वर काही दिसले तर मधल्या जागेत, बाहेरून न दिसणारा गंज बसलेला आहे. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळाही दीड व्होल्ट खाऊन टाकतो, आणि मग बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ नुसती टकटक करते. किती बॅटऱ्या केवळ या मिलिमीटरभर थरापायी बदलल्या जात असतील, याचा विचार करण्यासारखा आहे.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरील रंगीत ‘डोळ्या’वर विसंबून राहणे हीसुद्धा चूकच. तो डोळा सहांपैकी फक्त एका सेलमधील द्रवाची घनता दाखवतो. हिरवा दिसला म्हणून उरलेले पाच सेल शाबूत आहेत असे होत नाही.

पाना कोणत्या टर्मिनलला आधी लावायचा

काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण : एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक अपघात टळतात. त्यामागचे कारण कळले की क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही. गाडीची संपूर्ण बॉडी ऋण टर्मिनलला जोडलेली असते. धन टर्मिनलचा नट आधी सैल करताना पान्याचे दुसरे टोक बॉडीच्या कोणत्याही भागाला टेकले की बॅटरीची दोन्ही टोके थेट जोडली जातात, ठिणग्यांचा लोट उठतो आणि पाना तिथेच चिकटून बसू शकतो. ऋण केबल आधी सुटी केलेली असेल तर तोच पाना बॉडीला लागूनही काही होत नाही, कारण प्रवाहाचा मार्गच तुटलेला असतो. सुटी केलेली केबल आपोआप परत खांबावर पडणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी, आणि काम होईपर्यंत कोणतेही हत्यार बॅटरीच्या पाठीवर ठेवू नये.

इंजिन चालू असताना ऋण केबल काढून ऑल्टरनेटर ‘तपासण्याची’ जुनी रीत अजूनही काही ठिकाणी पाहायला मिळते. ती डायनामोच्या काळात खपून गेली असेल. आज तसे करणे म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर घाव घालणे होय. बॅटरी अचानक तुटली की ऑल्टरनेटरचा दाब काही क्षणांसाठी कित्येक पटींनी उसळतो आणि इंजिनाचा संगणक तो सोसेलच असे नाही.

पाणी, ॲसिड आणि पांढरी भुकटी

झाकणे उघडता येतात अशा बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि क्लोरीन प्लेटांचे नुकसान करतात. पातळी घटली म्हणून ॲसिड घालणे त्याहून वाईट, कारण घटते ते पाणी. ॲसिड आतच असते, आणि वरून आणखी ॲसिड घातल्याने द्रव नको इतका तीव्र होतो. पाणी चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरावे. आधी काठोकाठ भरले तर चार्ज होताना द्रव फुगून बाहेर येतो आणि बॅटरीच्या ट्रेला गंज चढतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी आधी घालून मग चार्जर लावावा. सील केलेली किंवा एजीएम प्रकारची (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते अशी) बॅटरी कोणत्याही सबबीखाली उघडू नये.

टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवट भुकटी फुंकून किंवा उघड्या बोटांनी खरवडून काढू नये, तिच्यात ॲसिड असते. क्रमाने दोन्ही केबली काढून, कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने लावावा आणि फेस येणे थांबल्यावर स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. या वेळी सेलची झाकणे घट्ट बंद असली पाहिजेत, कारण सोडा आत गेला तर तो तिथल्या ॲसिडलाही निष्क्रिय करतो. खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासावी, क्लॅम्प घट्ट बसवावा आणि *त्यानंतर* वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. क्लॅम्प बसवताना हातोड्याने ठोकू नये, खांब आतून सुटतो.

चार्जर आणि जंपर केबल

चार्जिंगच्या प्रवाहासाठी क्षमतेचा दहावा भाग हा जुना हिशेब आजही चालतो. म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण ४.५ अँपिअर. चार्जरचे चिमटे आधी बॅटरीला लावावेत आणि मगच चार्जरचे बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद. कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा कवच हाताला चांगलेच गरम लागले, तर चार्जिंग थांबवून खोली मोकळी करावी आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नये.

दुसऱ्या गाडीवरून सुरुवात करताना, म्हणजे जंप-स्टार्टच्या वेळी, नेमकी शेवटची जोडणी चुकते. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. आणि काळ्या केबलचे उरलेले टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. ती वायू साचलेल्या बॅटरीच्या तोंडाशी पडू नये एवढ्यासाठी हा खटाटोप. केबली काढताना क्रम उलटा. ट्रकची २४ व्होल्टची यंत्रणा कारला कधीही जोडू नये. गोठलेली, तडा गेलेली किंवा फुगलेली बॅटरी जंप करू नये, चार्जही करू नये.

गाडी सुरू झाल्यावर अर्धा तास जागेवर चालू ठेवली म्हणजे बॅटरी भरली, हाही गोड गैरसमजच आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात. अर्धवट चार्ज अवस्थेत ती दिवसचे दिवस राहिली की प्लेटांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि क्षमता कायमची घटते.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

बॅटरी आणि ऑल्टरनेटर दोन्ही चांगले असूनही सकाळी गाडी उठत नसेल, तर बंद गाडीत कुठेतरी प्रवाह झिरपत असतो. घड्याळ, अलार्म यांमुळे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सामान्य मानला जातो. तो दिवसाला सव्वा अँपिअर-तासाच्या आतच राहतो. पण डिकीतला दिवा विझत नसेल किंवा बाहेरून बसवलेला कॅमेरा सतत चालू असेल, तर हाच आकडा सहज अर्ध्या अँपिअरवर जातो आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. ऋण खांब आणि ऋण केबल यांच्या मध्ये मीटर लावून हे मोजता येते. मात्र गाडी लॉक केल्यावर तिचे सगळे कंट्रोलर झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, म्हणून लगेच दिसलेल्या मोठ्या आकड्याने दचकू नये. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये.

बदलण्याची वेळ आलीच तर

नवी बॅटरी घेताना नुसती क्षमता पाहून चालत नाही. धन टर्मिनल उजवीकडे आहे की डावीकडे हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे, नाहीतर केबल ताणून उलटी जोडणी होते आणि मुख्य फ्यूज किंवा ऑल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाडीत ईएफबी (पातळ ॲसिडच्या बॅटरीचा अधिक टिकाऊ प्रकार) किंवा एजीएम बॅटरी असते. तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकर दगावते. बॅटरी खाली पकडून ठेवणारी पट्टी सैल सोडू नये, कारण सततच्या हादऱ्यांनी प्लेटांवरील थर झडतो. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद निदानयंत्राने संगणकात करावी लागते. ती न केल्यास गाडी जुन्या बॅटरीचेच वय धरून चार्जिंग करत राहते. काढलेली बॅटरी आडवी न करता, उभीच, विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातले ॲसिड अजूनही घातक असते आणि शिसे पुन्हा वापरता येते.