गावठाण आतून कसं भरायचं: पडके वाडे, गल्ल्या, गटारी आणि नवी घरं

सध्या कुठल्याही गावात जा, चित्र सारखंच दिसतं. फाट्यावर प्लॉटिंग जोरात चाललंय, डांबरीच्या दोन्ही बाजूला घरं लांबत चाललीत, आणि आत गावठाणात मारुतीच्या देवळामागे चार वाडे पडलेत, त्यात बाभळी उगवल्यात, कुणी उकिरडा केलाय, कुणी म्हशी बांधतंय. मग फाट्यावरची लोकं ग्रामपंचायतीकडे नळ मागतात, लाइट मागतात, गटार मागतात, आणि पंचायतीचा सगळा पैसा त्या लांबलचक पट्ट्यात जातो. आतल्या गल्ल्या तशाच चिखलाच्या राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गावठाण विस्ताराचा ठराव घ्यायच्या आधी आत किती जागा रिकामी पडलीय ती मोजा, कारण तिथं पाणी, लाइट, शाळा, रस्ता सगळं आधीच पोचलेलं असतं. हे कसं करायचं ते सरपंच, सदस्य, किंवा गावात परत आलेल्या शिकलेल्या पोरांसाठी लिहितोय.

सुरुवात नकाशापासून करा. ड्रोनने गावठाण मोजायचं काम आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालं, नंतर २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि बऱ्याच गावांना आता मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्डं, मिळाल्यात. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातून गावठाणाचा नकाशा काढा, मोठा प्रिंट मारा, चांगला दोन-तीन फूट तरी, आणि चावडीच्या भिंतीला लावा. नमुना ८ वर विसंबून राहू नका, तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही, आणि निम्मी भांडणं तिथंच सुरू होतात. नकाशा नसेल तर गुगलवरच्या सॅटेलाइट फोटोवर हाताने काढा, चालतंय, पण त्यावरून हद्द ठरवायला जाऊ नका, फक्त समजून घेण्यापुरता वापरा.

मग तो नकाशा घेऊन गल्लीगल्लीने फिरा, आणि एकटे फिरू नका, एक म्हातारं माणूस आणि त्या गल्लीतल्या दोन बायका बरोबर घ्या. म्हाताऱ्याला कुठल्या भिंतीखाली जुना आड आहे, धान्य साठवायचं पेव कुठं बुजवलंय ते ठाऊक असतं, आणि पाणी कुठं तुंबतं, रात्री कुठल्या बोळातून जायला नको वाटतं ते बायकांनाच ठाऊक असतं. तीन रंग वापरा: राहतं घर, बंद घर, पडकी किंवा रिकामी जागा. बंद घरात पण फरक करा, जत्रेला उघडतात ती वेगळी आणि वर्षानुवर्षं कुलूप गंजलंय ती वेगळी. हे झालं की नकाशाकडे बघून गावातल्या लोकांनाच धक्का बसतो, कारण रोज त्याच पडक्या भिंतीवरून जायची सवय झालेली असते.

आता अवघड भाग, मालकी. पडक्या वाड्याला एक मालक कधीच नसतो. आजोबाच्या नावावर जागा, त्यांची चार पोरं, त्यांच्या पोरी-नाती, कुणी पुण्यात कुणी मुंबईत कुणी सुरतेला, आणि एकमेकांशी बोलणं बंद. पंचायतीनं इथं जबरदस्ती करायला जाऊ नये, जमतही नाही. करायचं काय, तर प्रत्येक पडक्या जागेच्या वारसांची यादी फोन नंबरसकट करायची, आणि दिवाळीत किंवा गावच्या जत्रेत सगळे येतात तेव्हा त्यांना एकत्र बसवायचं. समोर तीन रस्ते ठेवायचे. वाटणी करून घ्या, किंवा एकाच्या नावानं हक्कसोडपत्र करा, किंवा गावातल्याच गरजू माणसाला विका. पोरींची सही राहिली तर पुढं सगळं अडतं, म्हणून त्यांना पहिल्यांदा बोलवा, शेवटी नाही. आणि जे ठरेल ते रजिस्टरच करा, नुसती स्टॅम्पवरची नोटरी काही कामाची नाही.

याचा फायदा घरकुलाला होतो. घरकुल मंजूर झालंय पण जागा नाही म्हणून अडकलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं म्हणजे २६९ चौरस फुटांचं असतं, आणि भूमिहीन लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत मिळते. आता विचार करा, एका पडक्या वाड्याच्या जागेत अशी चार-पाच घरं आरामात बसतात, मध्ये सामायिक चौक ठेवून. गायरानाकडे बोट दाखवण्याआधी हे करून बघा. गायरानावरची अतिक्रमणं हटवा असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय, आणि एकदा गायरान गेलं की गुरं कुठं न्यायची हा प्रश्न कायमचा राहतो. आणखी एक, घरकुलवाल्यांना गावाच्या बाहेर टोकाला एका रांगेत बसवू नका. वस्ती आधीच जातीजातीत वाटलेली आहे, त्यात आपण अजून एक भिंत घालायची गरज नाही.

नुसतं रुंद रस्ते आणि चौकोनी प्लॉट पाडले की गाव चांगलं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी किल्लारीच्या भागातली पुनर्वसित गावं बघून यावीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशोबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची दिली, त्यामुळे जुने शेजारी तुटले, भावकी विखुरली, आणि गाव पसरलं इतकं की रस्ते आणि गटारी सांभाळायला पंचायतीला झेपेना. लोकांनी मग आपापल्या परीनं ओटे काढले, पत्रे टाकले, गोठे बांधले, म्हणजे जे आराखड्यात नव्हतं ते नंतर स्वतःच केलं. तिथं नाइलाज होता, दगडामातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली होती. आपल्याकडे तसा नाइलाज नाही, तरी आपण गाव सोडून बाहेर पळतोय.

रस्त्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच जातो आणि सगळ्यात जास्त चुका पण इथंच होतात.

गावठाणात सगळ्या गल्ल्या रुंद करायच्या नसतात. एक मुख्य रस्ता ठरवा ज्यावरून उसाची ट्रॉली, टँकर, बांधकामाचा डंपर जाईल, आणि तो शक्य असेल तर गावाला वळसा घालून जाऊ द्या, पारासमोरून नको. बाकी गल्लीत १० फूट मोकळे मिळाले तर १०८ ची गाडी आत जाते, पण खरी अडचण रुंदीपेक्षा वळणावर असते. कोपऱ्यावरच्या घराचा ओटा किंवा कंपाउंडचा कोन पुढं आलेला असतो, गाडी तिथंच अडकते, तिरडी सुद्धा वळवता येत नाही असे बोळ आहेत. म्हणून सगळ्यांचे ओटे तोडायची भाषा करू नका, फक्त कोपरे तिरके कापून घ्या. कोपऱ्यावरचं घर पडलं आणि नवीन बांधायला परवानगी मागायला आले की त्याच वेळी हे सांगायचं, तेव्हा माणूस ऐकतो. ओटे राहू द्या, बायका-म्हातारी संध्याकाळी तिथंच बसतात आणि गल्लीवर लक्ष राहतं.

आता लेव्हल. ही गोष्ट कुणी बघत नाही. दर पाच वर्षांनी नवीन निधी येतो, जुन्या काँक्रीटवर नवीन काँक्रीट ओततात, रस्ता सहा इंच वर येतो. असं दोन-तीनदा झालं की घराचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो, आणि पावसाळ्यात गल्लीचं पाणी सरळ चुलीपर्यंत. जुन्या गल्लीत जाऊन बघा, ज्या घराला पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचे तिथं आता एक पायरी उतरावी लागते, आणि घरमालकानं दारात विटांचा छोटा बांध घातलेला असतो. म्हणून ठरावातच लिहून घ्या की जुना थर खरवडून किंवा फोडूनच नवीन टाकायचा, रस्ता उंबऱ्याच्या खालीच राहिला पाहिजे. मोजायला मशीन लागत नाही, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आणि गल्लीच्या वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत प्रत्येक उंबऱ्याची खूण भिंतीवर चुन्यानं मारत जा. गटारीला १०० फुटाला निदान अर्धा फूट उतार मिळतोय का ते त्यातच कळतं. नाही मिळाला तर गटार बांधून उपयोग नाही, ती डासांची टाकी होते.

उतार मिळत नसेल तिथं घराघराला शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यात रोजगार हमीतून हे मोठ्या प्रमाणावर झालं, नांदेड पॅटर्न म्हणूनच ओळखतात. पण काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, आधी हातभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओतून बघा किती वेळात जिरतं ते. आणि आड-बोअरपासून लांब ठेवा, आणि संडासाचं पाणी त्यात सोडू नका.

कामाचा क्रम: आधी नळाची पाइपलाइन, मग गटार, मग वायरी, सगळ्यात शेवटी रस्ता. जलजीवनच्या वेळी किती गावांत नवेकोरे रस्ते फोडले ते सगळ्यांनी बघितलंय. पुढची कनेक्शन लागणारच, म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक रिकाम्या प्लॉटसमोर आडवा चार इंची पाइप पुरून ठेवा. बोळात तर मी काँक्रीट नकोच म्हणेन, पेव्हर ब्लॉक टाका, उचलून परत बसवता येतात आणि थोडं पाणी जिरतं पण. काँक्रीटवाला ठेकेदार नाराज होईल, होऊ द्या.

नवीन घर जुन्या घरांमध्ये बसवताना पायाकडे लक्ष द्या. पडक्या वाड्याची जागा वरून सपाट दिसते, खाली जुन्या भिंतींची पांढरी माती, राख, पेव, काय काय असतं. मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर दोन पावसाळ्यात भिंत तडकते. शेजाऱ्याची मातीची भिंत चिकटून असेल तर सगळा पाया एकदम खणू नका, चार-चार फुटांचे तुकडे करून खणा आणि भरा, आणि ऐन पावसात तर अजिबात नको. खिडकी शेजाऱ्याच्या चौकात उघडू नका. पन्हाळ, म्हणजे छपराच्या पाण्याची धार, स्वतःच्या जागेत पडली पाहिजे, हे एक वाक्य परवानगीच्या कागदावर लिहिलंत तरी अर्धी भांडणं वाचतात. वाड्याचे घडीव दगड आणि सागवानी खांब विकून टाकू नका, जोत्याला आणि पायरीला तेच वापरा, सिमेंटच्या विटेपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

परवानगीचं म्हणाल तर गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ आहे आणि रस्त्यावरच्या अतिक्रमणाला ५३. छोट्या प्लॉटचे नियम अलीकडे सोपे केलेत, ग्रामसेवकांकडून ताजा शासन निर्णय मागून वाचा. आणि हो, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत घरासाठी बिनशेती करणं महसूल कायद्याच्या ४२ ड नं सोपं केलं. म्हणजे आतली जागा खरंच संपली तर पुढची वाढ या २०० मीटरमध्ये घ्या, दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर नको.

पैसा एका ठिकाणाहून येत नाही. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेला, म्हणजे गटारी आणि शोषखड्डे त्यात बसवा, अबंधित मधून बाकीचं, रस्त्याला आमदारांकडून पंचवीस पंधराचं हेड, म्हणजे ग्रामविकास खात्याचा आमदारांनी सुचवलेल्या कामांचा निधी, मागा. पण आमदार फंड आला म्हणून कुठलाही रस्ता घेऊ नका, नकाशावर आपण जो क्रम लावलाय त्यातलाच पुढचा द्या.

वेळापत्रक असं धरा. जून-जुलैच्या पावसात फिरून पाणी तुंबतं त्या जागा खुणा करून ठेवा. दिवाळीत वारसांना बसवा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे, ती खरोखर घ्या, नुसत्या सह्या नको, आणि नकाशा तिथं आधी दाखवा. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गल्लीनिहाय ठराव करा आणि ती कामं विकास आराखड्यात त्याच नावानं चढवून घ्या, कारण आराखड्यात नाव नसेल तर वर्षभर कुणीही विचारत नाही. पहिल्या वर्षी एकच गल्ली घ्या, तिच्यातला एक पडका वाडा, तिची गटार, तिचा रस्ता, सगळं पूर्ण करा. ती बघून शेजारची गल्ली स्वतःहून वारसांचे फोन नंबर घेऊन येते.