पावसाळी तापात अंगदुखीची गोळी घेण्याआधी पट्टी उलटून वाचा

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या शरीरातल्या कॉक्स एन्झाइमला अडवतात. त्यामुळे कॉक्स तयार करतं ते प्रोस्टाग्लँडिन (सूज-ठणका वाढवणारं रसायन) कमी बनतं, सूज आणि ठणका उतरतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर जपतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटायलाही कॉक्स लागतं. मुंबईत पावसाळा म्हणजे डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) दिवस. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, लेप्टो थेट मूत्रपिंडावर जाऊ शकतो. त्यात ही गोळी नकोच. रक्ततपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल: मोठ्यांना एका वेळी ५०० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास (यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). केमिस्टकडे नुसती ‘अंगदुखीची गोळी’ मागू नका; अशा कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं.