दुबईत फ्लॅट घेताय? टोकनआधी सोलापुरातच करायची तयारी

होटगी रोडला दोन गुंठे घ्यायचे असले तरी सोलापूरकर सातबारा बघतो, फेरफार काढतो, वकिलाचा सर्च रिपोर्ट हातात आल्यावरच इसार देतो. तोच माणूस हॉटेलातल्या प्रदर्शनात दुबईच्या फ्लॅटचं माहितीपत्रक पाहून त्याच दुपारी टोकन द्यायला तयार होतो, याची मला फार काळजी वाटते. ‘आजच बुक केलं तरच सूट’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी काहीही देऊ नका.

आधी पैशाची वाट ठरवा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणारी योजना) आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र वापरायची तर मालकीत दोघांचीही नावं लागतात. आपल्या नेहमीच्या सहकारी बँकेला परकीय चलनाचा परवाना असेलच असं नाही, आधी विचारा. यासाठी इथली बँक कर्ज देऊ शकत नाही, त्यामुळे रक्कम स्वतःचीच हवी. बिल्डरच्या हप्त्यांचं वेळापत्रकही सही करण्याआधी बँकेला आणि सी.ए.ना दाखवा. वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ आयकर) लागतो, म्हणजे ४० लाख पाठवायचे तर आणखी ६ लाख हाताशी हवेत. विवरणपत्र भरल्यावर ते करात वळते होतात, उरलेले परत येतात; तोवर मात्र अडकतात. ‘इथं रोख द्या, तिथं दिरहम घ्या’ म्हणणारा कितीही ओळखीतला असो, त्याला नाही म्हणा. हा हवाला आहे आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे.

मग तिथले कागद. परदेशी माणसाला दुबईत ठरावीक भागांतच फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची पूर्ण मालकी मिळते. बांधकाम चालू असेल तर तिथल्या सरकारी ‘दुबई रेस्ट’ ॲपवर प्रकल्प स्वतः शोधा. दुबई लँड डिपार्टमेंटकडे नोंद आहे का, काम किती टक्के झालंय, एस्क्रो खातं (प्रकल्पाचा पैसा त्याच बांधकामासाठी राखून ठेवणारं खातं) कुठल्या बँकेत आहे, हे बघा. २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने बांधकामाआधी विकलेल्या घरांचा पैसा याच खात्यात जमा व्हावा लागतो. एजंटच्या खात्यात एक दिरहमही टाकू नका. बुकिंगची ‘ओकूद’ नोंदणी, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराच्या खरेदीची सरकारी नोंद, मागून घ्या. तयार फ्लॅट असेल तर टायटल डीड (मालकीचा दाखला) विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, ते तपासा. नोंदणीचे ४ टक्के, दलालीचे साधारण २ टक्के हिशोबात धरा. सर्व्हिस चार्ज दर चौरस फुटामागे दरवर्षी भरावा लागतो, फ्लॅट रिकामा असला तरीही. गेल्या वर्षीची पावती मागा.

स्वतः जाता येणार नसेल तर मुखत्यारपत्र करावं लागेल. नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात असे शिक्के आणि अरबी भाषांतर यात बराच वेळ जातो, म्हणून लवकर सुरुवात करा. अधिकार त्या एकाच फ्लॅटपुरते लिहा.

खरेदीनंतर आयकर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए मध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हा फ्लॅट दरवर्षी दाखवा. भाडं येत असेल तर त्यावर इथं कर भरा. लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. दुबईत मृत्युपत्र नोंदवण्याची सोयही बघून ठेवा आणि सगळ्या कागदांची एक प्रत घरच्यांकडे द्या.