क्लॅरिफायिंग शाम्पू वापरताय? मग या चुका टाळा

शाम्पू करूनही केस मुळाशी जड आणि टोकाला काथ्यासारखे लागत असतील, तर केसांवर कसला तरी थर बसलाय हे जवळजवळ नक्की. क्लॅरिफायिंग शाम्पू त्यासाठीच असतो. पण माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणी ही बाटली घेतात, तेव्हा थर कशाचा आहे हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. निम्मं नुकसान तिथेच होतं.

पहिली गोष्ट तेलाची. शनिवारी रात्री वाटीभर तेल चोपडायचं आणि रविवारी न्हाताना ते निघत नाही म्हणून क्लॅरिफायिंग शाम्पू ओतायचा, हे दर आठवड्याला चालतं. खोबरेल तेलाला एवढ्या जहाल शाम्पूची गरज नसते. पाणी घालण्याआधी तेलकट केसांवरच थोडा कंडिशनर चोळा, पाच मिनिटांनी धुवा आणि मग साधा शाम्पू दोनदा लावा. मी वर्षानुवर्षं असंच करते. एरंडेल मात्र चिवट असतं, ते नुसतं न लावता खोबरेलमध्ये मिसळूनच लावा. आणि तेल दोन चमचे पुरतं.

थर सीरमचा असेल, तर गोष्ट वेगळी. सीरम आणि मऊपणा देणाऱ्या कंडिशनरमध्ये डायमेथिकोनसारखे सिलिकॉन असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू वापरणाऱ्यांच्या केसांवर ते साचत जातात. ड्राय शाम्पू, हेअर स्प्रे, जेल यांचंही तेच. इथे क्लॅरिफायिंग शाम्पू एका धुण्यात फरक दाखवतो.

आता क्षारांचं. पुण्याच्या कडेच्या वाघोली, उंड्रीसारख्या भागांत कित्येक सोसायट्या टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. नळाच्या तोंडाशी पांढरं जमतं, तेच हे. नुसत्या जोरदार फेसाने ते पुरतं निघत नाही. त्यासाठी बाटलीच्या मागे डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलेलं आहे का ते बघा. हा घटक क्षारांना धरून पाण्याबरोबर घेऊन जातो. साध्या शाम्पूतही तो चिमूटभर असतो, म्हणून कठीण पाण्यासाठी किंवा पोहणाऱ्यांसाठी बनवलेली बाटलीच घ्या.

अशाच एका सोसायटीतली मुलगी लग्नाच्या तोंडावर माझ्याकडे आली होती. केस कमरेपर्यंत. टँकरच्या पाण्याने ते राठ झाले म्हणून तिने क्लॅरिफायिंग शाम्पू एक दिवसाआड सुरू केला. कंडिशनर लावला की परत थर बसेल म्हणून तो बंद. केस आणखी राठ झाले. मग कुठल्याशा रीलमध्ये बघून खायचा सोडा पाण्यात कालवून डोक्यावर घासला आणि वर लिंबू पिळलं. सोड्याचं पाणी अल्कधर्मी. त्याने केस फुगतो, त्यावरचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. मानेच्या मागे मुठीएवढी गाठ झाली होती, बोटसुद्धा आत जात नव्हतं. गाठीवर कंडिशनर थापला, जाड दातांचा कंगवा घेतला आणि टोकाकडून एकेक बट सोडवत वर गेले. कंगव्यात तुटके केस येत होते आणि तिची आई शेजारी बसून ते गोळा करत होती. शेवटी चार बोटं लांबीचे केस कापावेच लागले. खायचा सोडा ढोकळ्यासाठी ठेवा, डोक्याला लावू नका. एवढ्या महिन्यांचा थर एका रविवारी काढायची घाई कशासाठी?

माझी पद्धत सांगते. केस आधी दोन-तीन मिनिटं नीट भिजवायचे. थर असलेले केस पाणी लवकर धरत नाहीत, म्हणून इथे घाई नको. शाम्पू मगमध्ये थोड्या पाण्यात कालवायचा, तेवढ्यापुरताच, आणि टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळायचा. सीरमचा थर लांबीवर असेल तर फेस तिथे दोन मिनिटं राहू द्यायचा, घासायचा नाही. केस करकर वाजेपर्यंत धुण्याची सवय सोडा. तो आवाज आला म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त धुतलंय. कंडिशनर प्रत्येक वेळी, न चुकता. बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन मग आरओच्या शुद्ध पाण्याचे. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी वाचवून केसांना वापरणाऱ्याही भेटल्यात मला. त्यात क्षार उलट जास्त असतात, ते फरशीलाच बरं.

महिन्यातून एकदा पुरे. रोज जेल किंवा स्प्रे मारत असाल किंवा पाणी फार जड असेल, तर पंधरा दिवसांनी. कुरळ्या केसांना त्याहून कमी.

केराटिन केलंय? मग हात लावू नका, महागडी ट्रीटमेंट लवकर उतरेल. नव्या रंगाचंही तसंच. रंग लावण्याच्या आदल्या दिवशी मात्र जरूर वापरा, रंग एकसारखा बसतो.

मेंदीचा रंग हा थर नव्हे. तो केसाला धरून बसतो, शाम्पूने उतरत नाही.

खाज आणि पिवळट चिकट कोंडा असेल, तर हा शाम्पू त्याचं औषध नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू वेगळा असतो, तो त्वचेच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

नळाला लावायच्या छोट्या फिल्टरवर पैसे घालू नका. ते गाळ किंवा क्लोरीन थोडं अडवतात, पाणी मऊ करत नाहीत, म्हणजे त्यातले क्षार काढत नाहीत. त्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो आणि त्यात ठरावीक दिवसांनी मीठ घालावं लागतं. तुमच्या इमारतीत तो बसवलेला असूनही नळावर पांढरं जमत असेल, तर वॉचमनला विचारा की मीठ शेवटचं कधी घातलं.